यशोदेची पिवळी नऊवारी

आईला रूपाचा गर्व नव्हता, स्वयंपाकाचाही नव्हता. (तो नसलेलाच बरा. ती वरणातसुद्धा शेव घालायची.) तिला गर्व होता तो एकाच गोष्टीचा: तिनं नेसवलेली साडी कधी सुटत नाही. मिलच्या चाळीत कुणाचंही लग्न असो, नवरीला आधी आईसमोर उभं केलं जायचं. कमरेला एक गाठ, मागे काष्टा, पदर खांद्यावरून आणून कमरेत घट्ट खोचलेला, आणि पिन एकही नाही. "पिना कच्च्या हातांना लागतात," म्हणायची. मग नवरी बँडपुढे नाचो की फुगड्या घालो, साडी जागची हलत नसे. भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या उभ्या राहायच्या तेव्हा तर आई घरात दिसणं मुश्कील. एका घरच्या महालक्ष्म्या नेसवून होतात न होतात, तोच दुसऱ्या घरचं बोलावणं दारात.

आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं की हळहळायचं सोडून हसायलाच लागतं आणि विचारतं, "ती यशोदेची साडी आठवते का?" आठवते तर! आणि त्या गोष्टीचा शेवट आमच्या घराखेरीज कुणाला माहीत नाही, याची मला अजून गंमत वाटते.

बाबा मिलमध्ये फिटर होते. पण इंदुरात त्यांना मान होता तो झांकीमुळे. अनंत चतुर्दशीला प्रत्येक मिलची झांकी निघायची. ट्रॉलीवर रोषणाई, आणि देवादिकांच्या, राक्षसांच्या हलत्या मूर्ती. आमच्या मिलच्या मूर्ती हलवायचं काम बाबांचं. रावणाची मान गरकन फिरायची ती बाबांच्या पट्ट्यावर, आणि गजेंद्राचा पाय ओढणारी मगर आमच्या घरातल्या जुन्या पंख्याच्या मोटरवर चालायची. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतला, पण आई एका शब्दानं बोलली नाही. उलट हातोदहून तिचं अख्खं माहेर झांकी बघायला यायचं आणि ती त्यांना दाखवायची, "ती मगर आहे ना, ती आमच्या यांची."

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग पगार रखडले, मग फाटकाला कुलूप लागलं. बाबा खाटेवर बसले ते बसलेच. सुरुवातीला फाटकाचा रस्ता टाळून लांबून भाजी आणायचे, पुढे तेही सोडलं. बाहेर रंगीत टीव्ही आले, घरोघरी मिक्सर आले, जो तो नव्या कुठल्यातरी एजन्सीची गोष्ट बोलत होता, आणि आमचे बाबा बनियनवर बसून भिंतीकडे बघत होते. आईनं लाडीगोडी करून पाहिली, भांडून पाहिलं, उपास केले, ते मोडलेही. एकदा कणीक मळता मळता मला म्हणाली, "मिल गेली ती गेली गं. तिच्यामागे हा माणूसही गेला, तर मी काय करू?" आईला रडताना मी तेव्हा पाहिलं. मी कॉलेजात होते.

त्या वर्षी कामगारांनी ठरवलं की मिल बंद असली तरी झांकी निघणार. चार जण बाबांना बोलवायला आले.

"कशाची काढताय?" बाबा म्हणाले. "कुलपाची काढा. तेवढंच उरलंय आपल्याकडे."

ते बिचारे चहा न पिताच गेले. मोटरचं काम बाहेरच्या एका इलेक्ट्रिशियनला दिलं. विषय ठरला ताक घुसळणारी यशोदा आणि लोणी चोरणारा कृष्ण. पण मूर्तींना नेसवायचं काय? आजवर कापड मिलचं असायचं. आता मिलच नाही तर कापड कुठलं?

"यशोदेचं माझ्याकडे लागलं," म्हणून आईनं सरळ ट्रंक उघडली आणि तिच्या मामानं लग्नात दिलेली पिवळी नऊवारी बाहेर काढली.

"अगं, लग्नातली साडी?" मी ओरडले.

"मग ठेवून काय तिचं लोणचं घालू?"

फाटकासमोरच्या मांडवात आईनं यशोदेला साडी नेसवली. शेजारच्या भाभी नाराज झाल्या. "मैया तो गोकुल की है, इनको घाघरा-लुगड़ा पेनाओ!" म्हणाल्या. आई निऱ्या घालता घालता म्हणाली, "भाभी, अपने को जो आता है वोही पेनाएंगे. छाछ क्या मराठी बाई नी करती?"

दिवेलागणीला जनरेटर सुरू झाला, दिवे लागले, आणि काष्टा घातलेली यशोदा खरोखरच ताक घुसळू लागली. गर्दीतून आवाज आला, "ओ भिया, यशोदा मैया तो मराठी हो गी!" सगळा रस्ता हसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई ओट्यावर अशी उभी होती, जणू स्वतःच्या सुनेचं कौतुक चाललंय.

आणि पदर सुटला.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो यशोदेच्या कमरेतून निघाला, घसरत खाली गेला आणि मोटरच्या पट्ट्यात ओढला गेला. यशोदेचे हात अर्ध्यावर थांबले. कृष्णाचा हात मडक्यातच राहिला. जळक्या रबराचा वास सुटला, मोटर बंद केली, आणि चार-पाच जण पदर ओढायला लागले. मागे दुसऱ्या मिलच्या झांक्या येऊन उभ्या होत्या आणि त्यांचे ढोल आम्हाला चिडवल्यासारखे वाजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं नेसवलेली साडी, आणि सुटली? तीही अख्ख्या इंदूरसमोर?

आई मात्र शांत होती. म्हणाली, "जा, बाबांना सांग, माझी पिवळी साडी पट्ट्यात गेलीय. एवढंच सांग."

मी धावत घरी गेले. बाबा खाटेवर होते.

"पट्टा उलटा फिरवा म्हणावं," ते भिंतीकडे बघतच म्हणाले.

"बाबा, आईची पिवळी साडी आहे. लग्नातली."

ते उठून बसले. "ओढतायत का तिला?"

"हो."

"गाढव आहेत लेकाचे! फाडतील ना!"

खाटेखालची हत्यारांची पेटी त्यांनी ओढली. मला वाटलं होतं, पाने गंजले असतील. पण एकेक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. दोन पाने उचलून बाबा बनियनवरच निघाले. फाटकापाशी गर्दीनं वाट दिली. "उस्ताद आ गए, उस्ताद आ गए!" बाबांनी कुलपाकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते ट्रॉलीवर चढले, डाव्या मुठीत पदर धरला आणि उजव्या हातानं पट्टा सैल केला. मग पदर हातात घेऊन त्यांनी एकदा आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता चारचौघांत तिची खरडपट्टी काढणार. पण त्यांनी मुकाट्यानं पदर यशोदेच्या कमरेत खोचला आणि ओरडले, "चालू कर!"

यशोदा घुसळायला लागली तेव्हा जो जल्लोष झाला तो मी जन्मात विसरणार नाही. बाबा काही खाली उतरले नाहीत. मोटरशेजारीच बसले आणि थेट राजवाड्यापर्यंत गेले. वाटेत कुणीतरी त्यांना आपला शर्ट घातला. सकाळी घसा बसलेला, अंगात दुसऱ्याचा शर्ट आणि हातात पोहे-जिलबीचा पुडा, असे घरी आले. मी त्यांना मिठीच मारली. दिवाळीनंतर त्यांनी स्नेहलतागंजात मिक्सर दुरुस्तीची टपरी टाकली. घरोघरी मिक्सर आले होते आणि देवाच्या कृपेनं ते बिघडतही होते.

साडीच्या पदरावर मात्र ग्रीसची पाच काळी बोटं उमटली. आईनं ती धुऊ दिली नाहीत. तीच साडी, तोच डाग पुढे घेऊन ती हळदीकुंकवाला जायची. चाळीतल्या बायका टोमणा मारायच्या, "सुटली हो तुमची साडी शेवटी!" एरवी कुणाचं एक ऐकून न घेणारी माझी आई, पण या बाबतीत नुसती हसायची. मला याचं फार नवल वाटायचं.

पुढे मी राजेंद्र नगरला राहायला गेले, आईबाबांनाही तिकडेच आणलं. माझ्या लेकीला तर आईनं डोक्यावर बसवून ठेवलं होतं. शाळेच्या गॅदरिंगपासून दोघींचं साडीचं शिक्षण चालू होतं. मला भाऊ नाही, म्हणून लेकीला मामा नाही. तिच्या लग्नात गौरीहरासाठी मामाकडची पिवळी कुठून आणायची, असा प्रश्न आला तेव्हा लेक म्हणाली, "आजीची आहे ना, डागवाली. मला तीच पाहिजे."

लग्नाच्या सकाळी आई तिला साडी नेसवत होती. बाबा दाराबाहेर खुर्चीवर बसले होते आणि दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारत होते. आईनं पदर कमरेत खोचला, तेव्हा लेकीनं तो मुद्दाम जोरात ओढून पाहिला. जागचा हलला नाही.

"आजी, खरं सांग. हा सुटत नाही, मग यशोदेचा कसा सुटला?"

आईनं दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, मी खोचलेला पदर कधी सुटलाय का? तो मी खोचलाच नव्हता. नुसता अडकवून ठेवला होता. दुसरं काही करून हा माणूस बाहेर येईना."

मी हातातलं हळदीचं तबक तसंच धरून उभी राहिले. इतकी वर्षं तिनं सगळ्या चाळीचे टोमणे ऐकून घेतले होते.

दाराबाहेरून बाबांचा आवाज आला, "मला वर चढल्याबरोबरच कळलं होतं."

आई दचकली. मग कमरेवर हात ठेवून दाराकडे वळली. "आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तेव्हा बोललो असतो," बाबा म्हणाले, "तर रागानं घरी परत जावं लागलं असतं. आणि मला जायचं नव्हतं."