आईचा ऑक्सिजन कमी केला तेव्हा

दत्तगुरूंवरची माझी श्रद्धा त्या दिवसांत डळमळली होती, हे आधीच सांगते. नोकरीमुळे मी चेन्नईला, तांबरमजवळ राहते. साताऱ्याहून आई माझ्याकडे आली आणि तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. दुखणं तिनं अंगावर काढलं. एका सकाळी ती असंबद्ध बोलू लागली, हातपाय गार पडले. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "सेप्सिस आहे. संसर्ग सगळ्या शरीराला भोवलाय, रक्तदाब फार खाली गेलाय." लगेच अँटिबायोटिक, भराभर सलाइन आणि ऑक्सिजनचा मास्क सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूच्या काचेतून पाहिलं, तर सलाइन अगदी हळू चाललं होतं. नर्सनं माझ्यादेखत ऑक्सिजनही कमी केला. मी विचारलं, तर ती तमिळमध्ये काहीतरी सांगून पुढे गेली. मला वाटलं, यांनी आशा सोडली. डॉक्टरांना तसं विचारायचा धीर होईना. बाहेर बाकावर बसून मी दत्तगुरूंशी भांडत राहिले, "तिला इतकी गरज असताना तुम्ही हात आखडता का घेता?"

बहुधा मी मोठ्यानं बोलले. शेजारच्या वयस्कर बाई वळल्या. "मराठीच की तुम्ही! आम्ही तंजावरकडचे." त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता. त्यांचे यजमानही आतच होते. माझी भीती ऐकून त्या उठल्या. "चला, विचारू." डॉक्टरांना गाठून त्या तमिळमध्ये बोलल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आशा सोडली नाही हो. रक्तदाब सावरला, लघवी होतेय. आता जास्त सलाइन दिलं तर पाणी फुप्फुसात साचेल. श्वासही सुधारलाय, म्हणून ऑक्सिजन लागेल तेवढाच."

आई शुद्धीवर आली आणि म्हणाली, "चहा मिळेल का गं?" हे सांगायला मी त्या बाईंना शोधलं. त्या नव्हत्या. नर्सनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, यजमानांना त्या मैलापूरला घरी घेऊन गेल्या. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. आम्ही भेटलो त्याच सकाळी. तरी माझ्यासाठी त्या उठल्या होत्या.

आई आता बरी आहे. तिला किती द्यावं, हे दत्तगुरूंना सांगणं मी सोडलं. रोज दिवा लावताना आधी त्या बाईंसाठी हात जोडते. नाव विचारायचं राहून गेलं. ज्यांच्यापुढे हात जोडते, त्यांना ते ठाऊक असणार.