मायचं वांगं

माझ्या डोक्यात उभ्या जन्मात सर्वांत जास्त गोंधळ कोणी घातला असेल, तर तो अकोल्याच्या माझ्या साडूंनी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत आपण वरणभात कालवावा, तर हे समोरच्या तान्ह्या पोराकडे बोट दाखवणार. "हे नाक कोनाचं?" आजोबांचं, म्हणालो. "चूक! आजोबा त्या नाकाचे. नाक आपली नक्कल काढून पुढं गेलं, आजोबा मांगंच राहिले!" अमरावती येईपर्यंत मी गाडीत आपलंच नाक चाचपत बसलो. कोण कोणाचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"बी आपली नक्कल काढते आन् निवडणारा निवडते, बस, एवढंच जग हाय," हे त्यांचं पालुपद. परसात त्यांच्या आईनं भातकुलीहून आणलेलं वांग्याचं वाण होतं. आई गेली. ते वाण आता दुसरीकडे कुठेच मिळत नाही, म्हणून साडूंचा त्यावर भारी जीव. दरवर्षी सगळ्यांत टपोऱ्या वांग्याला ते लाल दोरा बांधत, झाडावरच पिवळं होऊ देत आणि त्याचंच बी धरत.

गेल्या हिवाळ्यात कैक वर्षांनी आम्ही त्यांच्याकडे भरीत खायला गेलो. परसात हात धुवायला गेलेले साडू ओरडतच परतले. सकाळी टपोऱ्या वांग्याला बांधलेला दोरा आता एका खुरट्याला लटकत होता! त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, भाकर थापता थापता म्हणाली, "ते भाजलं मी. पाहुण्याइले किडके खाऊ घालू का? दरसालचंच हाय हे, चांगलं भाजते आन् दोरा दुसऱ्याले बांधते. पिवळं पडल्यावर तुमाले काय समजते?"

साडू मटकन खाटेवर बसले. "म्हंजे निवड माही नव्हतीच! तुह्या चुलीनं निवडलं. चांगलं पोटात गेलं, खुरटं पुढं गेलं. मंग मायचं वांगं उरलं कुठं?"

"बी तेच, माती तेच. काहून डोकं खाता?"

मला दोघांचंही पटलं बाप्पा! माझं नेहमीचंच दुखणं.

मग साडूंनी भरिताचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "आमी रोज खानारे, हळूहळू बदललं तं आमाले नाई समजत. तुमी नवे जावई होते तवा मायनं वाढलं होतं. खरं सांगा साडूभाऊ, हे तेच हाय?"

मी घास घेतला. चव काही आठवेना. आठवली ती मी नको नको म्हणत असताना त्या माउलीनं ताटात टाकलेली तिसरी भाकर. साडू, सत्तरीचा माणूस, माझ्या तोंडाकडे लेकरासारखे बघत होते.

"तेच," मी म्हणालो.

"व्हय ना?" त्यांनी डोळे पुसले आणि जेवायला बसले. मी खरं बोललो की खोटं, ते मला अजून माहीत नाही.