जेद्दाच्या वाटेवरचे लायलसाहेब

लायल ब्रॅडॉक यांची आणि माझी पहिली भेट एका बसमध्ये झाली. मी नाशिकहून सौदी अरेबियातल्या धाहरानला आलेला ऑटोमोबाइल इंजिनिअर. तेल कंपनीच्या बसगाड्यांची देखभाल माझ्याकडे होती. सुरक्षित वाहनचालन शिकवायला एक अमेरिकन साहेब येणार, एवढेच कानावर होते. आले ते डावा पाय ओढत, फारसे न बोलता. त्यांनी आम्हा सगळ्यांना मागच्या सीटवर बसवले, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि आवारात अशी काही बस हाणली की कुणाचे कपाळ पुढच्या दांडीवर आपटले, तर कुणी शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन पडले. मग मागे वळून शांतपणे म्हणाले, "ब्रेक दाबणाऱ्याला धक्का कधीच कळत नाही. तो मागच्याला बसतो. म्हणून आधी मागे बसायला शिकायचं."

हे गृहस्थ अमेरिकेचे राष्ट्रीय मोटारशर्यत विजेते आहेत, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. तेही आमचा एक टेक्सासकडचा सहकारी त्यांची सही मागायला धावत आला म्हणून. लायलसाहेब स्वतः होऊन त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

पुढे ओळख वाढली तशी हकिकत थोडी थोडी समजत गेली. एका आडगावात वडिलांचे मोटारदुरुस्तीचे दुकान होते. शनिवारी जत्रेच्या मैदानात मातीच्या वर्तुळावर मोडक्या गाड्यांच्या शर्यती होत, तिथे त्यांची सुरुवात झाली. तिथून एकेक पायरी चढत ते राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत पोचले. आणि मग एका शर्यतीत गाडी भिंतीवर आदळली. डाव्या पायाचा चुरा झाला. ते इस्पितळात असतानाच संघाने त्यांच्या जागी दुसरा चालक घेतला. डॉक्टर म्हणाले, चालता आले तरी पुष्कळ.

घरी बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्यांनी सौदीतली ही नोकरी धरली. रोज संध्याकाळी ते समुद्रकाठच्या भुसभुशीत वाळूत चालत. बघवत नसे ते चालणे. एकदा मी विचारले, "साहेब, रस्त्यावरून चालायला काय हरकत आहे?" ते म्हणाले, "रस्त्यावर पायाला मेहनत पडत नाही. सुधाकर, मी इथे थांबलोय, संपलो नाही."

माझी पत्नी सुनंदा हिलाही त्यांनीच गाडी शिकवली. त्या काळी बाहेर स्त्रियांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, पण कंपनीच्या वसाहतीत चालवता येई. बदल्यात ते आमच्याकडे थालीपीठ खायला येत आणि एक संपायच्या आत दुसरे तव्यावर पडले आहे ना, याची स्वयंपाकघरात डोकावून खात्री करून घेत.

अशा निवांत दिवसांत शेजारी कुवेतवर इराकचे आक्रमण झाले, आणि काही महिन्यांनी प्रत्यक्ष युद्ध सुरू झाले. भोंगे, खिडक्यांना चिकटपट्ट्या, घरोघर वाटलेले गॅस मास्क. तेलाचे काम थांबवता येत नव्हते, म्हणून आम्हा इंजिनिअरांना राहणे भाग होते; पण बायकामुलांना पश्चिमेकडे, जेद्दाला हलवायचे ठरले. बस होत्या, चालक नव्हते. बरेचसे मायदेशी निघून गेले होते. लायलसाहेबांनाही परतीच्या विमानात जागा मिळाली होती. ते व्यवस्थापकांकडे गेले आणि म्हणाले, "माझी जागा दुसऱ्याला द्या. मला बस द्या आणि ज्यांना मोटार चालवता येते अशी माणसं द्या."

त्यांनी आम्हाला, म्हणजे मला, हैदराबादच्या रहमतभाईंना आणि आणखी काही जणांना, सकाळपासून अंधार पडेपर्यंत आवारात घोटून तयार केले. कंपनीने आवश्यक परवाने मिळवून दिले. निघायच्या दिवशी सगळ्यांत पुढे पिकअपमध्ये लायलसाहेब, त्यांच्यामागे माझी बस, मग बाकीच्या. प्रत्येक गाडीत वायरलेस. माझ्या मागच्याच सीटवर सुनंदा होती. तिला दिवस गेलेले होते आणि महिनेही भरत आले होते.

रियाधच्या अलीकडे भर दुपारी धुळीचे वादळ उठले. बघता बघता पुढची पिकअप दिसेनाशी झाली. समोरून आणि मागून लष्कराचे अजस्र ट्रेलर येत होते. मधेच थांबलो असतो तर कुणीतरी येऊन आदळले असते. वायरलेसवर लायलसाहेबांचा आवाज आला. "सुधाकर, ब्रेकला हात लावू नकोस, पाय लावू नकोस, काहीच लावू नकोस. गाडी आपोआप हळू होऊ दे. उजव्या चाकांखाली खडी वाजते का?"

"नाही, साहेब."

"मग थोडा उजवीकडे ये. वाजली की सांग."

खडी वाजली. ते स्वतः पिकअपमधून त्याच कडेने पुढे चालले होते आणि पुढे काय लागते ते सांगत होते. इतक्यात डावीकडून एक ट्रेलर एवढ्या जवळून गेला की सगळी बस हलली. मागे पोरांनी रडून आकांत केला. त्याच चालीने आम्ही एका पेट्रोलपंपाच्या आडोशाला पोचलो. सगळ्या बस आल्या. कुणालाही खरचटलेसुद्धा नव्हते.

वादळ निवळले, जवळच्या तपासणीनाक्यावरच्या शिपायाने येऊन सगळ्यांचे इकामे, म्हणजे वास्तव्याचे परवाने, पाहिले आणि "यल्ला" म्हणजे 'चला' असे म्हणत हात हलवला. पण खाली उतरलेली सुनंदा पुन्हा बसमध्ये चढेना. "मी नाही बसणार आता. मेले तरी नाही. तुम्ही जा." मी समजावले, रहमतभाईंनी "बहन" म्हणून विनवले. ती खांबाला धरून उभीच राहिली.

लायलसाहेब पाय ओढत आले आणि पाय लांब करून बसच्या पायरीवर बसले. "अपघातानंतर मीही बसत नव्हतो," ते तिला म्हणाले. "अंगणात उभ्या असलेल्या गाडीतसुद्धा नाही. घाम फुटायचा. मग मी दार उघडं ठेवून बसायला लागलो. नुसतंच. वाटलं तर उतरायचं. तू इथे बस. दार उघडं राहील. तू सांगशील तेव्हाच लावू. तोवर कुणीही निघणार नाही."

ते उठले. ती पायरीवर बसली. सगळा ताफा थांबला. बऱ्याच वेळाने ती आत सीटवर जाऊन बसली, पदराने तोंड पुसले आणि मला म्हणाली, "लावा दार."

जेद्दाला पोचल्यावर हॉटेलच्या फोनवर लायलसाहेब अमेरिकेत कुणाशी तरी बोलताना मी ऐकले. "नाही. अजून फेऱ्या बाकी आहेत. तुम्ही दुसरा माणूस घ्या." मी खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. एका नव्या संघाने त्यांना गाडी देऊ केली होती. अट एकच, हंगामाच्या पहिल्या शर्यतीआधी हजर व्हायचे. ज्या दिवसासाठी त्या माणसाने इतकी वाळू तुडवली होती, तो दिवस त्यांनी आमच्या बायकामुलांसाठी सोडून दिला. ते म्हणाले, "शर्यत पुढच्या वर्षीही असते. यल्ला, बस धुऊन घे, उद्या परत निघायचंय."

आमची कन्या जेद्दाला सुखरूप जन्मली. युद्ध संपेपर्यंत लायलसाहेब फेऱ्या मारत राहिले.

त्यानंतर ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांना गाडी द्यायला कुणी तयार नव्हते. अखेर एका लहानशा संघाने घेतले. पहिला सगळा हंगाम ते शेवटच्या रांगांत होते. वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. फोनवर मी चाचरत विचारले की म्हणत, "काल एकाला मागे टाकलं. एक म्हणजे सुरुवात असते." अशी एकेक गाडी मागे टाकत काही वर्षांनी ते पुन्हा राष्ट्रीय विजेते झाले. त्या दिवशी आम्ही धाहरानमधल्या जुन्या मंडळींनी रहमतभाईंच्या घरी बिर्याणी आणि श्रीखंड एका पंगतीत खाल्ले.

निवृत्तीनंतर त्यांनी अपघातात जायबंदी झालेल्यांना पुन्हा गाडी चालवायला शिकवणारी शाळा काढली. गेल्या वर्षी आम्ही उभयता तिथे गेलो होतो. एक हात गमावलेली तरुणी मैदानाला पहिली फेरी पूर्ण करत होती, आणि काठीवर रेललेले लायलसाहेब उन्हात उभे राहून ओरडत होते, "आता आणखी एक!"

आज ते पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहावे, असे ठरले म्हणून मी मराठीत लिहिले. लायलसाहेब, त्या पायाने तुम्हाला अजून पुष्कळ वर्षे उभे ठेवावे, डोळ्यांना लांबचे स्वच्छ दिसत राहावे, आणि तुमच्या मैदानावर भीत भीत आलेला प्रत्येक माणूस स्वतः गाडी चालवत घरी जाताना तुम्ही फाटकाशी उभे राहून पाहावे, हीच आमच्या सगळ्या कुटुंबाची मनापासूनची प्रार्थना.