रेवूला विचारलेला प्रश्न

झोपायचं नाही असं ठरवलेलं असतं, तरी पापण्या जड होतात. भर दुपार आहे. दवाखान्यातल्या पलंगावर मी पडले आहे. पलीकडे प्रयोगशाळेत आमचा शेवटचा गर्भ काचेच्या ताटलीत आहे. थोड्या वेळाने तो माझ्या पोटात ठेवतील. दाराबाहेर भूषण, माझा नवरा, फोनवर बोलतोय. त्याचा आवाज लांब जातो आणि पायाशी रेवू उभी असते.

रेवू माझी मुलगी. तीही अशाच ताटलीत सुरू झाली होती. जन्मतःच जीभ मोठी, एक पाय दुसऱ्याहून जाड. चौथ्या वर्षी यकृतात गाठ निघाली आणि त्यातच रेवू गेली.

"आई, थलक ना," ती म्हणते. 'सरक' तिला कधी म्हणताच आलं नाही.

मी सरकते. पलंगाच्या जागी आमच्या जळगावच्या स्वयंपाकघरातला ओटा आहे. भरताची वांगी भाजल्याचा वास आहे. ओट्यावर बसून रेवू पाय हलवतेय.

"रेवू, तुला काचेत वाढवलं म्हणून तू आजारी पडलीस का गं?"

डॉक्टरबाईंना हे मी कितीदा विचारलंय. त्या दरवेळी तेच सांगतात. बाहेरच्या द्रवात वाढताना गर्भाची काही जनुकं चालू व्हायची ती बंद राहू शकतात, बंद राहायची ती चालू होऊ शकतात. पण हा आजार आपोआप राहिलेल्या गर्भालाही होतो. रेवूला कशानं झाला, ते कुणीच सांगू शकत नाही.

कुणीच नाही. म्हणून मी गेलेल्या लेकराला विचारतेय.

"मला काय माहीत? मी एवढुशी होते."

"काहीतरी आठवत असेल! गार होतं का? उजेड डोळ्यांत जायचा का?"

"डोळे नव्हते ना, आई."

ओटा नाहीसा झालाय. तिला कडेवर घेऊन मी मोठ्या इस्पितळाचा जिना चढतेय. मजला येतच नाही.

"आज ते बाळ ठेवू की नको? तू नाही म्हण, मी आत्ता उठून घरी जाते. नाहीतर हो म्हण. काहीतरी म्हण, रेवू!"

"मला खाली थोड."

"आधी सांग!"

मी तिला आवळते, तिला दुखेल इतकी. ती रडायला लागते. मला कळतंय, पण हात सैल होत नाहीत. तशी ती माझ्या मनगटाला कडकडून चावते.

"हर्षदा, ऊठ. बोलावलंय." भूषण माझ्यावर वाकलाय. मग त्याची नजर खाली जाते. "हे काय झालं?"

मनगटावर दातांचे लाल वळ आहेत, अजून ओले. भूषण त्यांवर अंगठा ठेवतो. सगळे वळ त्या एका अंगठ्याखाली झाकले जातात.

नर्स दार धरून उभी आहे. मी उठते आणि आत जाते. मनगट ठणकत असतं.