फळ्यावरची मेंढी

"अजून कळलेलं नाही!" असं सर म्हणायचे तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलायचा, की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी बारसं आहे. तुम्ही-आम्ही एखादी गोष्ट माहीत नसली की मान खाली घालतो, नाहीतर विचारणाऱ्यावर खेकसतो. सर चष्मा कपाळावर चढवायचे, दोन्ही तळवे उघडे करून समोरच्यापुढे धरायचे आणि पेढे वाटल्यासारखं सांगायचे, "अजून कळलेलं नाही! जगात कुणालाच!"

जवळा बाजारला हायस्कुलाच्या भिंतीला लागून माझं शिलाईचं दुकान. अब्बांनी थाटलेलं, मी चालवलेलं. सर त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेतला एक जुना फळा काखेत मारून ते माझ्याकडे यायचे आणि बेधडक माझ्या दारावर टांगायचे. त्यावर लिहायचे, जगात नुकतंच काय कळलं ते. माझ्याच दारावर काहून? तर समोर बाजार भरतो म्हणून. माझं निम्मं दार झाकतं, गिऱ्हाईकाला वाकून आत यावं लागतं, याचं त्यांना काही नाही. वर खडूसुद्धा माझाच, कापडावर रेघ मारायचा.

"सर, हे धंद्याचं दुकान आहे, तुमचा वर्ग नाही," मी कुरकुरायचो.

"मास्टर, गिऱ्हाईक वाकून आलं तर बिघडलं कुठं? अदबीनं येतंय," म्हणायचे आणि लिहायला लागायचे.

एवढं सगळ्या जगाचं ध्यानात ठेवणारा हा माणूस. पुढे असा दिवस आला, की माझ्या दुकानासमोर उभं राहून त्यांनी मला विचारलं, "आपण कोण?" विसरण्याचा आजार झाला त्यांना. माणसं हातून सुटायला लागली. ती सुटू नयेत म्हणून त्यांनी काय केलं आणि आमच्या बाजारानं काय केलं, ते तुम्हाला सांगतो. मी अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

फळा सुरू झाला तेव्हा आपण परभणी जिल्ह्यातच होतो, हिंगोली जिल्हा व्हायचा होता. पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा. सरांचा रेडिओ रात्रंदिवस खरखरत असायचा, आणि परभणीला गेले की तिथल्या वाचनालयातून इंग्रजी मासिकं आणायचे. त्यातून एक गोष्ट निवडायची आणि आपल्या बोलीत लिहायची. एका बाजाराला लिहिलं, 'आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याभोवतीही ग्रह फिरतो, असं दिसून आलं.' पुढच्या एका बाजाराला, 'यंत्रानं बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवलं.' मग कधी, 'जो दुसऱ्याला समजावून सांगतो, त्याच्याच जास्त ध्यानात राहतं.' दिल्लीत कुणीतरी भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि गल्लीतली पोरं आपली आपणच तो शिकली, हे वाचून आले तेव्हा माझ्या भिंतीवर टकटक करून बघायला लागले.

"सर, खबरदार! भिंत आधीच कललेली आहे."

"एकच वीट काढू, मास्टर."

शेवटी मी गजाची पट्टी उगारली, तेव्हा थांबले.

मी एकदा चिडूनच विचारलं, "तारे काय, मेंढ्या काय, बुद्धिबळ काय, लेकरांचा अभ्यास काय! ह्याचा त्याला काही मेळ आहे का?"

झालं. चष्मा कपाळावर, तळवे उघडे. "अजून कळलेलं नाही!"

मेंढ्यांचं बोललो, तर ते ऐकाच. परदेशात एका मेंढीच्या कासेतला एक बारीक कण घेऊन तिच्यासारखीच हुबेहूब दुसरी मेंढी जन्माला घातली, ही खबर फळ्यावर आली. त्या दिवशी बाजार माझ्या दारात भरला म्हणा ना. मेंढरंवाली माणसं, त्यांना ताऱ्याचं काय! पण मेंढीचं म्हटल्यावर कांबळ्या सावरत सगळे पुढे. नर लागला का? न्हाई लागला. मग पोटात कुणाच्या वाढली? तिसऱ्याच मेंढीच्या. एक म्हातारा तर फळ्याला हात जोडून गेला.

पुढच्या बाजाराला धुरपदाबाई आली. कुरुंद्याकडची, नवऱ्यामागं कळप सांभाळणारी, आवाज असा की गल्लीच्या टोकाला बोलली तर माझ्या मशिनीची सुई थांबावी. तिनं पदराची गाठ सोडली. आत फडक्यात काहीतरी वाळकं, पिवळंधम्मक.

"हे काय आणलंत, बाई?" सर म्हणाले.

"कान हाय. माज्या एडक्याचा. गेल्या सुगीत मेला बिचारा. खुणंचा कान व्हता म्हून कापून ठिवला. मीठ लावलंय, वरून घरची हळद. सडला न्हाई बघा. ह्याच्यावरून काढा दुसरा."

मी हसू दाबायला तोंडात सुई-दोरा धरला. सर हसले नाहीत. त्यांनी तो कान तळहातावर घेतला, उजेडात धरला, नखानं हळूच हळद खरवडून बघितली. मग तिथंच माझ्या स्टुलावर तिला बसवून सांगितलं, की कण जिवंत असावा लागतो, हा मेला, आणि आपल्याकडे तसं यंत्रही नाही. बाईचं तोंड एवढंसं झालं.

"बरं, झाला असता असं धरू," ती म्हणाली. "मंग मला वळखला असता का त्यो? म्या हाक मारली की येत व्हता. कळपात कुटंबी असू दे."

सरांनी कान तिच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "रंगरूप तेच राहिलं असतं, बाई. पण तुम्हाला ओळखलं नसतं. ओळख नव्यानं करावी लागली असती."

"मंग केली असती की," धुरपदाबाई कान परत गाठीत बांधत म्हणाली. "ह्याच्या बराबर तरी काय जुनी व्हती? कोकरू व्हता तवा नव्यानंच केल्ती."

सर बघतच राहिले तिच्याकडे. ती लांब गेली तरी बघून राहिले होते. "मास्टर," म्हणाले, "हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं." त्या दिवसापासून दोघांची दोस्ती. बाजाराला आली की ती आधी फळ्यापाशी, मग मिरचीपाशी.

वर्षं गेली. सर रिटायर झाले, फळा चालूच. एका बाजाराला लिहिलं, की परदेशातल्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूतला रस्ते ध्यानात ठेवणारा भाग मोठा असतो, असं दिसलं. आमच्या औंढ्याच्या काळीपिवळीचा ड्रायव्हर एवढा फुगला, की दिवसभर जीपमधल्या माणसांना टोपी काढून डोकं दाखवत होता. आणि बघा नशीब. त्याच ड्रायव्हरनं काही महिन्यांनी सरांना भर दुपारी माझ्या दुकानात आणून सोडलं. औंढ्याच्या रस्त्यावर चालत निघाले होते. घर बाजाराच्या मागं, आणि हे उलट्या अंगाला.

"सर, कुठं निघालात?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाले, "आपण कोण?"

या अल्लाह. इतकी वर्षं माझ्या दाराला फळा ठोकणारा माणूस! मला वाटलं, चेष्टा करतात. डोळे बघितले तेव्हा कळलं.

थोड्या वेळानं भानावर आले, लाजले, चहा घेतला. भाभींनी, म्हणजे सरांच्या घरच्यांनी, नांदेडला दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, आणि औषध नाही म्हणून सांगितलं. वाढत जाणार. भाभी माझ्या दुकानात येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "फळा बंद करा, भाऊ. तुमच्याकडे ठेवूच नका. बाजारात भलतंच काही लिहितील, लोक येडं म्हणतील. इतक्या वर्षांची इज्जत आहे त्यांची."

खरंच होतं. भीती मलाही तीच होती. बाजार कुणाला सोडत नाही. चार टवाळांनी सरांच्या तोंडासमोर हसावं आणि सरांना हसण्याचं कारणही कळू नये, हे मला बघवलं नसतं.

बाजाराचा दिवस आला. मी फळा आत कापडाच्या ताग्यांमागं ठेवला होता. सर आले, थेट ताग्यांमागं गेले, फळा काढला. हे मात्र विसरले नव्हते! मागून भाभी धावत आल्या.

"अहो, चला घरी. कशाला आपलं चव्हाट्यावर मांडता?"

सर शांतपणे म्हणाले, "आजवर सगळ्या जगाचं मांडलं. मेंढीचं, टॅक्सीवाल्यांचं. आता माझंच तेवढं झाकू?"

मी खिशातला खडू काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी लिहिलं, सावकाश, मध्येमध्ये थांबत. 'विसरण्याचा आजार. यात मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात. का, ते अजून कळलेलं नाही. औषध अजून नाही. शोध चालू आहे. हा आजार मला झाला आहे. मी ओळखलं नाही तर राग मानू नका. आधी आपलं नाव सांगा.'

लिहून झाल्यावर स्टुलावर बसले, नेहमीसारखे, प्रश्नांची वाट बघत. लोक जमले. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही, पण कुणी पुढेही येईना. सर एकेका चेहऱ्याकडे बघायला लागले, आणि मला दिसलं, की त्यातला एकही त्यांना सापडत नाहीये. ओठ हलायला लागले त्यांचे. मी मनात म्हटलं, संपलं. भाभींचंच बरोबर होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका की रं, वाट द्या!" धुरपदाबाई. थकली होती आता, काठी टेकत आली. कुणीतरी तिला फळा वाचून दाखवला. ती सरांसमोर जमिनीवरच बसली आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, "सर, म्या धुरपदा. कुरुंद्याकडची. मेंढरंवाली. एडक्याचा कान घिऊन आल्ते तुमच्याकडं."

"कान?" सर म्हणाले. "कशाला?"

"कशाला काय! तुमीच सांगितल्तं, मेंढीच्या कासंतल्या कणावरून तशीच दुसरी मेंढी काढली म्हून."

"काय सांगता!" सर स्टुलावरून उठलेच. चष्मा कपाळावर गेला. "कासेतल्या कणावरून? नराशिवाय? कमाल आहे! कुणी केलं हे?"

आणि धुरपदाबाईनं त्यांना सगळं सांगितलं. पाटीपेन्सिल कधी हातात न धरलेली बाई, पण सरांनी सांगितलेलं एवढ्या वर्षांत जसंच्या तसं धरून ठेवलेलं. पोटात तिसऱ्याच मेंढीच्या वाढली, रंगरूप तेच राहतं, वळख नव्यानं करावी लागते. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा तसाच खुलला होता, बारशाचा. मी इतकी वर्षं त्यांना दुसऱ्यांना थक्क करताना बघितलं होतं. स्वतः थक्क होताना त्या दिवशी बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग काय, रांगच लागली. "सर, मी काळीपिवळीवाला. टॅक्सीवाल्यांचा मेंदू मोठा असतो, म्हाईत हाय का?" "सर, मी भाजीवाला. दुसऱ्या ताऱ्याभोवतीबी ग्रह फिरतो म्हणं!" सरांना प्रत्येक गोष्ट नवी. "खरंच? कधी कळलं हे?"

तेव्हापासून दर बाजाराला तेच. भाभी त्यांना आणून बसवायच्या, लोक मिरची-मेथी घेता घेता थांबायचे, आधी नाव सांगायचे, मग शोध सांगायचे. आपण कुणाला काही सांगू शकतो, असं ज्यांना जन्मात वाटलं नव्हतं, ती माणसं ताठ उभी राहून सांगायची. मीही सांगायचो. "मी टेलर. फळा तुमचा, दार माझं." सर म्हणायचे, "अरे वा! मग गिऱ्हाईक आत कसं येतं?" मी म्हणायचो, "अदबीनं."

शेवटी शेवटी सर बोलायचेही बंद झाले. नुसते बसायचे. एका बाजाराला धुरपदाबाईनं मेंढीची गोष्ट सांगून संपवली, तरी चेहरा कोराच. ती उठली नाही. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "रंगरूप त्येच हाय की, सर. वळखीचं काय, पुन्यांदा करू." सरांनी तिच्याकडे बघितलं. मग हळूहळू तिच्या हातातून आपला हात सोडवला, दोन्ही तळवे उघडे केले आणि तिच्यापुढे धरले. शब्द आले नाहीत. आम्हाला ते ऐकू आलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सर गेले.

फळा अजून माझ्या दारावर आहे, कोरा. गिऱ्हाईक अजून वाकूनच आत येतं. बाहेरगावचं कुणी बाजाराला आलं की त्याला नवल वाटतं, ही जवळ्याची माणसं टेलरच्या दारापाशी आल्यावर मध्येच थांबतात काय, आणि स्टूल रिकामं असताना आपलं नाव सांगून पुढे जातात काय. काळीपिवळीवाला सांगतो. धुरपदाबाई आता येत नाही, तिची सून येते. डोक्यावरची पाटी सावरत ती म्हणते, "म्या धुरपदाची सून, सर. मेंढरंवाली."

दुकान उघडलं की मीही रोज आधी तेच करतो. मी टेलर, सर. दार माझं.