लिंबाजीमामा आणि बंद दारामागची गळती

लिंबाजीमामा रोज सकाळी पेपर हातात धरून उभे राहायचे, पण बातम्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मुक्कामाला गाडी उभी केली की मागच्या जनरेटरखाली ते जुना पेपर पसरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि सकाळी दात घासायच्या आधी तो उचलून उजेडात बघायचे. तेलाचा डाग काळा, डिझेलचा पसरट, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा हिरवट. मी विचारायचे, "काय मामा, आज काय छापून आलंय?" ते गंभीरपणे सांगायचे, "तेलानं एक टिपका टाकलाय. पाहावं लागंल." मग त्या एका टिपक्यासाठी माझा चहा तासभर लांबायचा.

आमची गाडी म्हणजे एका संस्थेचा फिरता दवाखाना. जुन्या बसचं पोट रिकामं करून आत बायकांच्या छातीची तपासणी करायचं मशीन बसवलेलं, एक पलंग, कपडे बदलायची खोली, बेसिन, एसी. चाकावरचं घरच म्हणा. खेड्यातल्या लाइटचा भरवसा नाही, म्हणून सगळं चालायचं ते मागच्या लोखंडी कप्प्यातल्या जनरेटरवर. त्या कप्प्याला स्वतःचं दार होतं. मी मशीन चालवायचे, आणि मामा ड्रायव्हर, मेकॅनिक, वॉचमन, सगळंच. हिंगोली जिल्ह्यात आम्ही दोघांनी सहा वर्षं ती गाडी फिरवली.

बायका गाडीत चढायला लाजायच्या. मामांनी त्यावर आपला एक उपाय काढला होता. तपासणी सुरू झाली की ते गाडीपासून पन्नास पावलं लांब जाऊन, गाडीकडे पाठ करून बसायचे. उन्हाळा असो, थंडी असो. एकदा मी जोरात हाक मारली तरी मान वळवली नाही, तसेच उलटे चालत आले आणि चिखलात पडले. मी पोट धरून हसले. पण पुढच्या वेळी त्या गावच्या बायका आपल्या सुनांना घेऊन आल्या, "पाठ करून बसणाऱ्या मामाची गाडी" म्हणत.

मी तोंडाची फटकळ आणि कामाची उतावळी. मामा अगदी उलट. मी घाई केली की म्हणायचे, "घाईनं पोट भरतंय का ताई, ठसका लागतोय." असा राग यायचा ना मला. पण त्यांचं खरं वाक्य दुसरंच होतं. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की बाकीचे ड्रायव्हर वरून ओतून मोकळे होतात. मामा ओतायचे, पण पुटपुटत राहायचे, "पानी हरवत न्हाई. कुठंतरी गेलेलं असतंय."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला हेच पाणी त्यांच्या जिवावर उठलं. औंढ्याच्या शिबिरात जनरेटर तापून बंद पडला. नंतर एका वाडीवर परत तेच. दोन्ही वेळा कूलंट निम्मं झालेलं, आणि खालचा पेपर मात्र कोरा. मामा दार उघडून तासन् तास बघत बसायचे, तर एक थेंब गळत नसे. संस्थेची दुसरी गाडी होती, तिच्यावर दत्ता नावाचा तरुण ड्रायव्हर. त्याचाही जनरेटर असाच तापला होता, आणि पाणी न बघता चालवला म्हणून ऑफिसने त्याला घरी बसवलं होतं. "मी रोज पाणी टाकत होतो" असं तो सांगत राहिला, पण कोणी ऐकलं नाही. आता मामांनाही निरोप आला, की आणखी एक शिबिर बुडालं तर गाडीवरून उतरायचं. साठीला टेकलेल्या माणसाच्या हाती दुसरीकडे कोण स्टिअरिंग देणार? मामांचं जेवण निम्म्यावर आलं.

अशात हट्टा गावचं शिबिर आलं. हळदीचे दिवस होते. शिवारात हळद शिजत होती आणि तो वास गावभर भरला होता. ऐन हंगामात काम टाकून बायका येणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. गावातल्या आशा आरोग्यसेविकेने महिनाभर उंबरे झिजवून तीसेक बायका शाळेच्या व्हरांड्यात आणून बसवल्या होत्या. सात बायका झाल्या, आठवी आत आली, आणि जनरेटरने मान टाकली. एसी बंद, मशीन बंद, अंधार. मी त्या बाईच्या अंगावर चादर टाकली आणि बाहेर धावले. मामा दार उघडून उभे होते, चेहरा पांढरा पडलेला. माझा हात रेडिएटरच्या टोपणाकडे गेला तसा त्यांनी हातातल्या फडक्याने तो झटकला. गरम असताना टोपण उघडलं तर वाफ तोंड सोलून काढते, एवढंच म्हणाले.

तोवर गावातले दोघे-तिघे जमले. आमच्याकडे गळक्या रेडिएटरवर एकच रामबाण औषध, हळद. ट्रॅक्टर असो की जीप, मूठभर हळद आत टाकायची, भोक बुजतं आणि गडी रस्त्याला लागतो. आणि हे तर हळदीचंच गाव. एक म्हातारे शेतकरी डबाभर ताजी हळद घेऊन आले, वर म्हणाले, घरची हाये, भेसळ न्हाई. मी मामांच्या मागे लागले. टाका मामा, आजचा दिवस निघू द्या, तुमची नोकरी राहू द्या, पुढचं पुढे बघू.

मामांनी डबा दोन्ही हातांनी परत दिला. "हळद भोक बुजवती, ताई, पन सोबत आतल्या बारीक नळ्याबी बुजवती. आज चालंल, आठ दिवसांनी इंजिनच बसंल. आन् गळत कुठं व्हतं, ते मातर कदीच कळायचं न्हाई."

मला इतका संताप आला की मी तिथून निघून व्हरांड्यात गेले. बायका चुळबुळत होत्या. एक-दोघी उठल्याही होत्या, त्यांना कशीबशी बसवली. परत आले तर मामा उकिडवे बसून त्या दाराकडे बघत होते, इंजिनाकडे नव्हे. मग हळूच मला म्हणाले, "आपन बघतो तवा गळत न्हाई. बघत नसतो तवा काय येगळं असतंय? दार लावलेलं असतंय."

त्यांनी बायकांकडे पावडर मागितली, तोंडाला लावायची. एक जण घरून लेकराच्या पावडरीचा डबा घेऊन आली. मामांनी इंजिन पुसून कोरडं केलं, सगळ्या नळ्यांवर, जोडांवर पावडर भुरभुरली. "इंजिनाला गोरं करून राहिले का काय?" व्हरांड्यातून एकीने विचारलं आणि सगळ्या खिदळल्या. निदान उठून चाललेल्या थांबल्या. इंजिन निवल्यावर मामांनी पाणी भरलं, जनरेटर सुरू केला, दार घट्ट लावलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत जमिनीवर बसले. वीस मिनिटं. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि हा माणूस मांडी घालून बसलेला.

दार उघडलं. पांढऱ्या पावडरीत रेडिएटरच्या रबरी नळीवर एक ओली रेघ उमटली होती, बोटभर लांब. रेघेवरचे उरलेले थेंब खालच्या तापलेल्या सायलेन्सरवर पडत होते आणि जमिनीवर यायच्या आत वाफ होऊन उडून जात होते. म्हणून दिवसा जमीन कोरडी, आणि रात्री इंजिन बंद, आत दाब नाही, म्हणून पेपर कोरा. आणि नळीच्या त्या चिरेसमोरच, दाराच्या आतल्या बाजूला, एक लोखंडी पट्टी होती. दार लावलं की ती नळीवर दाबून बसायची आणि चीर उघडायची. दार उघडलं की चीर मिटायची. खराब रस्त्यांवर ते दार खडखडायचं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती पट्टी आतून ठोकली होती. ठोकणारे होते लिंबाजीमामा.

मला वाटलं, आता हसतील. मामा मटकन खाली बसले. मग उठले, नळीचा चिरलेला तुकडा कापला, हळदवाल्या म्हाताऱ्यांच्या विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीवरून लोखंडी नळीचा तुकडा आणवून मध्ये जोडला, पट्टी काढून फेकली आणि दार दोरीने बांधलं. पाणी भरून हवा काढली. दिवस मावळेपर्यंत आम्ही सगळ्या बायका तपासल्या. एकीच्या फोटोत गाठ दिसली, तिला नांदेडला पाठवायचं ठरलं. शिबिर बुडालं नव्हतं. मामांची नोकरी वाचली होती.

मी खुशीत रजिस्टर उघडलं आणि बिघाडाच्या रकान्यात लिहिलंसुद्धा, की उंदराने नळी कुरतडली. शेतशिवारात गाडी उभी, उंदराला काय तोटा? मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खोडा. मी म्हणाले, अहो मामा, कोण येतंय विचारायला, उंदीर काय साक्ष द्यायला जाणार आहे?

"दत्ताच्या गाडीलाबी हीच पट्टी हाये," मामा म्हणाले. "त्याच दिवशी मीच ठोकली."

मी पेन खाली ठेवलं. मग मी म्हणाले, गुपचूप जाऊन ती काढून टाका, दत्ताला परत अर्ज करायला सांगा, आपण दोघं शब्द टाकू. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. "आन् त्याच्या नावावर जे लागलंय ते?" असं म्हणून त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर ऑफिसला लावला. "साहेब, लिंबाजी बोलतोय, हट्ट्याहून. गाडी चालू हाये. येगळंच सांगायचंय. दत्तानं पानी टाकलं व्हतं."

दुसऱ्या गाडीचं दार उघडून बघितलं तेव्हा नळीला तशीच चीर निघाली. दत्ताला परत घेतलं, आमच्याच गाडीवर. कारण ती जागा रिकामी झाली होती. न विचारता गाडीत फेरफार केला, हा ठपका ठेवून मामांना उतरवलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना दाराचा खडखडाट कधी ऐकायला आला असता? मी साहेबांना तोंडावर हे बोलले. उपयोग शून्य.

किल्ली द्यायला मामा स्वतः हिंगोलीला आले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. मला वाटलं, दत्ताला चार गोष्टी समजावतील, वडिलकीने. त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि सगळ्यांसमोर हात जोडले. आपल्या पोराच्या वयाच्या माणसासमोर. "तू पानी टाकलं म्हनत व्हतास, दत्ता. मीबी तवा तुझ्यावर इस्वास ठेवला न्हाई. माफ कर मला." दत्ताने ते हात धरून खाली केले. दत्ताने मामांना स्टँडवर गाडीने सोडतो म्हटलं, तर ते नको म्हणाले, डिझेल बायांच्या कामाचं हाये. आणि चालत निघून गेले.

पुढे दीड वर्ष मी दत्ताशेजारी बसून तीच गाडी फिरवली. चांगला पोरगा, कामाला वाघ. पण त्याला घरी बसवलं त्या आठवड्यात मी चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले होते, आळशी आहे, पाणी टाकायला हात झिजतात त्याचे. तो तिथे पाठीमागेच उभा होता, हे मला नंतर कळलं. मामांनी हात जोडले तेव्हा मीही पुढे व्हायला हवं होतं. मी नुसती डोळे पुसत उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, ताई किती हळवी आहे.

कळमनुरीच्या रस्त्यावर असताना मामांच्या मुलाचा फोन आला. मामा पहाटे झोपेतच गेले. मी दत्ताला सांगितलं, आणि त्याच श्वासात टपरीवरचं ते वाक्यही सांगितलं, शब्द न बदलता, आणि माफी मागितली. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि कितीतरी वेळ आम्ही दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत रडत बसलो.