दारावर डकवलेली सुवार्ता

दिवाणी न्यायालयाचा बेलीफ म्हणून पनवेलच्या आसपासच्या गावांत मी वर्षानुवर्षे समन्स आणि जप्तीचे हुकूम बजावले. माणूस घरी सापडला नाही, तर साक्षीदारासमक्ष हुकमाची प्रत दाराला खळीने डकवायची. कायद्याच्या दृष्टीने बजावणी पूर्ण. गव्हाणला माझा साक्षीदार ठरलेला असे, मिठागरात राबणारा एक म्हातारा.

एका रविवारी चर्चमध्ये आमचे पाळक म्हणाले, "प्रभू परत येणार असे आपण मानतो आणि शेजाऱ्याला सांगत नाही. मग आपण वाट तरी कोणाची पाहतो?" मला ते आरोपासारखे लागले. पुढच्या सुट्टीत मी गव्हाणला गेलो आणि प्रभूच्या पुनरागमनाची पत्रके दारोदार डकवून आलो. कोणाशी चकार शब्द बोललो नाही. सूचना पोहोचली, माझी जबाबदारी संपली, अशी माझी समजूत.

गावात वाचता येणारे थोडे. बेलिफाच्या हातची खळ दिसताच लोकांनी जप्ती आली असेच धरले. भांडीकुंडी, शेळ्या नातेवाइकांकडे रवाना झाल्या. तक्रार न्यायाधीशांपर्यंत गेली आणि मला लेखी समज मिळाली. संतापून मी राज्यघटनेतील धर्मप्रचाराच्या स्वातंत्र्याचा हवाला देत न्यायाधीशांना, मामलेदारांना, वृत्तपत्राला, इतकेच काय पाळकांनाही पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही.

महिन्याभराने कामासाठी गव्हाणला गेलो, तेव्हा माझा तो साक्षीदार म्हातारा आपल्या ओट्यावर बसला होता. आत घर रिकामे.

"काय साहेब, आज परत खळ आनलीत?"

"बाबा, ती जप्ती नव्हती. साऱ्या गावाला कळले आहे."

"गावाला कळला. मला तुमी कवा सांगलात? हंडा अजून जासईला लेकीकडं हाय. येनारा कोन, काय नेनार, समजल्याबिगर कसा आनू?"

मी पिशवीतून पत्रक काढले. त्याने हाताने ते बाजूला सारले.

"कागूद नको. तुमी सांगा."

दहा पानी कैफियत एका बैठकीत लिहिणारा मी, अडखळत राहिलो. प्रभू कोणाच्या पंक्तीला बसला, त्याला कसे मारले, तो कसा उठला. आणि तो परत येईल ते काही हिरावून न्यायला नव्हे, रडणाऱ्यांचे डोळे पुसायला, एवढे कसेबसे सांगितले.

"म्हंजे चांगला मानूस येनार."

"हो."

"मग तुमी एवढे चिडलेले का असता?"

मी पत्रक परत पिशवीत घातले. आपल्या डोक्यावरचा भार उतरावा म्हणून सांगायचे नसते, हे मला त्या ओट्यावर उमगले. येणारा प्रेमाने येतो आहे हे आपल्याला ठाऊक असताना शेजाऱ्याने मात्र भीतीत दिवस काढावेत, हा अन्याय आहे, म्हणून सांगायचे. म्हातारा ख्रिस्ती झाला नाही. मीही तसे विचारले नाही.

"आनतो हंडा," तो उठत म्हणाला. "येऊ दे त्याला. दारात आला तर पानी तरी देता येल."

तो जासईच्या वाटेला लागला. मी तिथेच बसून राहिलो.